कोकणात तातडीचा डॉक्टर कसा शोधावा आणि त्याची पदवी कशी तपासावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. सगळ्यात जास्त पत्रं मुंबई-ठाण्यातल्या चाकरमान्यांची, ज्यांचे आईवडील गावच्या घरात दोघंच आहेत. त्याखालोखाल होमस्टेवाले, बागायतदार आणि मच्छीमार. विचारणं साधारण एकच असतं: वेळ आली तर जायचं कुणाकडे, आणि तो डॉक्टर खरा कशावरून? या दोन प्रश्नांची वेळ मात्र वेगवेगळी आहे. डॉक्टर खरा की खोटा हे आजच, घरी निवांत बसून बघायचं. वेळ आल्यावर पदव्या वाचायच्या नसतात, गाडी काढायची असते.

१. छातीत दुखतंय, साप चावलाय, गाडी उलटलीय. पहिला फोन कुणाला?

१०८ ला. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, चोवीस तास आणि फुकट. गाडीत डॉक्टर असतो. ११२ वर फोन केलात तरी चालतं. मारामारी, आग किंवा अपघातात पोलीसही हवे असतील तर तोच बरा. १०२ ची गाडी मुख्यतः गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी आहे.

फोन घेणारा माणूस तुमच्या तालुक्यातला नसतो, हे लक्षात ठेवा. "मुरूडला या" एवढंच सांगितलंत तर रायगडातलं मुरूड की दापोलीतलं, हे त्याला कळायचं नाही. जिल्हा, तालुका, गाव, वाडी आणि डांबरी रस्त्यावरची एखादी खूण, या क्रमाने सांगा. घर पाखाडीच्या खाली असेल तर एकाला वर रस्त्यावर बॅटरी घेऊन उभं करा. आणि गाडी यायला वेळ लागेल असं कळलं, शेजारी रिक्षा किंवा जीप तयार असली, तर वाट बघत बसू नका. १०८ च्या माणसाला सांगून निघा, वाटेत गाठ घालता येते.

२. इमर्जन्सी मेडिसिनचा डॉक्टर म्हणजे कोण? एमबीबीएस म्हणजे तोच ना?

नाही. एमबीबीएस ही पाया असलेली पदवी. इमर्जन्सी मेडिसिन हा त्यावरचा तीन वर्षांचा वेगळा विषय आहे, जसा हाडांचा किंवा बालरोगांचा. भारतात एमडी इमर्जन्सी मेडिसिनला २००९ साली मान्यता मिळाली, डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, एमडीच्या तोडीची पदवी) त्यानंतर आली. म्हणजे हा विषय आपल्याकडे तसा तरुण आहे. साठीतल्या नामांकित डॉक्टरांच्या पाटीवर तो दिसणार नाही, यात त्यांचं काही उणं नाही.

या डॉक्टरचं काम म्हणजे आजार अजून कळलेला नसताना माणूस जगवणं. श्वासनळीत नळी घालणं, थांबलेलं हृदय चालू करणं, रक्तस्राव रोखणं, आणि पुढे कुणाच्या हवाली करायचं ते ठरवणं.

३. आमच्या तालुक्यात असा डॉक्टर मिळेल का?

खरं सांगायचं तर बहुतेक तालुक्यांत नाही. एमडी किंवा डीएनबी इमर्जन्सी झालेले डॉक्टर मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांकडे जातात. कोकणात शोधायचेच झाले तर वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत चौकशी करा. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे.

बाकी ठिकाणी कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) वैद्यकीय अधिकारी असतो, आणि गंभीर पेशंट फिजिशियन, सर्जन किंवा भूलतज्ज्ञ सांभाळतात. हे कमी दर्जाचं समजू नका. विंचूदंशाने माणसं दगावत होती तेव्हा प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून जगापुढे मांडलं ते महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. ते एमडी मेडिसिन. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा पाटीवर "इमर्जन्सी" हा शब्द आहे का यापेक्षा तुमच्या भागातले नेहमीचे धोके तो दवाखाना पेलतो का, हे बघा. ते कसं बघायचं ते पुढच्या प्रश्नात.

४. मग हॉस्पिटल निवडायचं कशावर?

एक दिवस सवडीने जवळच्या दोन-तीन ठिकाणी फोन करा, जमल्यास प्रत्यक्ष जा. वेंगुर्ल्यात राहणाऱ्याने वेंगुर्ल्यातलं सरकारी रुग्णालय, सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय, असा विचार करावा. खेडवाल्याला कळंबणी, चिपळूणवाल्याला कामथे. आपापल्या रस्त्यावरची नावं काढा.

विचारायचं काय? रात्री दोन वाजता आत डॉक्टर असतो की घरून बोलवावा लागतो. ईसीजी रात्री निघतो का. हार्ट अटॅकमध्ये गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे का आणि ते देतात का, की नुसतं "पुढे न्या" म्हणतात. सापाची लस किती आहे. ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर चालू स्थितीत आहे का. सीटी स्कॅन कुठे होतो. लकव्याच्या झटक्यात गाठ विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी हवाच. म्हणजे तोंड वाकडं झालेला माणूस सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून पडला, तर ती वेळ तिथेच संपते. हार्ट अटॅकला सीटीसाठी अडावं लागत नाही. पेशंट पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा जगभरचा दंडक आहे, आणि ते काम लहान दवाखान्यातही होऊ शकतं.

रिसेप्शनवरची मुलगी या प्रश्नांना गांगरली तर राग धरू नका. तिला म्हणा, "ताई, ड्यूटीवरच्या सिस्टरना द्या जरा." सिस्टर सगळं खरं सांगतात, हा माझा अनुभव.

पावसाळ्याचा वेगळा हिशेब मांडा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचे रस्ते पाण्याखाली गेले होते आणि वाशिष्ठीवरच्या पुलाचं नुकसान झालं होतं. घाटात दरड आली की जवळचं हॉस्पिटल लांबचं होतं. तेव्हा नदीच्या किंवा घाटाच्या अलीकडचं एक ठिकाण यादीत हवंच.

५. डॉक्टरची नोंदणी तपासायची कशी?

आधी नोंदणी क्रमांक मिळवा. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा असतो, आणि चिठ्ठीवर, दाखल्यावर, पावतीवरही छापायचा असतो. जुनी चिठ्ठी घरात पडलेली असेलच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, म्हणजे एमएमसीचा नवा क्रमांक बहुधा वर्ष, महिना, क्रमांक अशा मांडणीत दिसतो. जुन्या डॉक्टरांचा नुसता आकडा असतो.

मग एमएमसीच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाका. परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आणला आहे. दवाखान्यात तो लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन करा, पण उघडणारं पान परिषदेचंच आहे ना, तेवढं वरच्या पत्त्यात बघा. परराज्यात शिकलेल्या डॉक्टरसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावरची देशभराची नोंदवही आहे.

तिथे तीन गोष्टी वाचायच्या. नाव, नोंदणी चालू आहे का, आणि अतिरिक्त पात्रता. एमडी किंवा डीएनबी झालेल्याने ती पदवी परिषदेकडे वेगळी नोंदवायची असते. पाटीवर "एमडी" आणि नोंदवहीत नुसतं एमबीबीएस, असं दिसलं तर विचारायला हरकत नाही. नुकताच पास झालेला असेल तर कागद अडकलेले असू शकतात.

६. नाव सापडत नाही. बोगस समजायचं का?

घाई नको. पहिलं कारण लग्न. डॉक्टर वहिनींची नोंदणी माहेरच्या नावाने असते आणि पाटीवर सासरचं आडनाव असतं, हे कोकणात फार दिसतं. दुसरं कारण इंग्रजी स्पेलिंग. तिसरं, ते एमबीबीएस नसून बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) किंवा दंतवैद्य असतील, तर त्यांच्या परिषदा वेगळ्या (प्रश्न ८). चौथं, नूतनीकरण राहिलेलं असेल. एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात. ते राहिलं म्हणून माणूस भोंदू होत नाही, पण नियमाने त्याने ते पूर्ण करायला हवं.

म्हणून नावावर थांबू नका, क्रमांकावरून शोधा. क्रमांकच दिला जात नसेल, पाटीवरही नसेल, चिठ्ठी साध्या कोऱ्या कागदावर मिळत असेल, तेव्हा मात्र प्रश्न १४ वाचा.

७. पाटीवर एमईएम, एमआरसीईएम, एफईएम, एसीएलएस असं लिहिलंय. यातलं काय खरं?

सगळं खरं असू शकतं, पण वजन वेगवेगळं आहे.

एमडी आणि डीएनबी या मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदव्या. एमआरसीईएम हे ब्रिटनच्या रॉयल कॉलेजचं परीक्षेने मिळणारं सदस्यत्व. अभ्यास कठीण असतो, पण ती आपल्याकडच्या एमडीची जागा घेणारी पदवी नव्हे. एमईएम हा खाजगी हॉस्पिटलांमधून चालणारा अभ्यासक्रम. तो करणारे अनेक डॉक्टर हाताने अतिशय तयार असतात, कारण तीन वर्षं रात्रंदिवस कॅज्युअल्टीत काढलेली असतात. आयोगाच्या मान्य पदव्यांत मात्र तो बसत नाही. एफईएम ही फेलोशिप. ती कुठली आणि किती महिन्यांची, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

बीएलएस, एसीएलएस, एटीएलएस हे तातडीने जीव वाचवण्याच्या तंत्राचे एक ते तीन दिवसांचे कोर्स. एसीएलएसचं कार्ड दोन वर्षांनी संपतं. ते असणं चांगलंच, पण पाटीवर पदवीच्या ओळीत लिहिणं मला पटत नाही. परिषदेने मान्य केलेल्या पदव्याच नावापुढे लावाव्यात असा नियमही आहे. "बीईएमएस", "आरएमपी" अशी अक्षरं दिसली तर ती आधुनिक वैद्यकाची पदवी नाही, एवढं पक्कं समजा.

८. १०८ च्या गाडीतले डॉक्टर बीएएमएस होते. आमच्या पीएचसीतही (प्राथमिक आरोग्य केंद्रात) तेच आहेत. हे चालतं का?

चालतं. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी कायद्याखाली नोंदणी असलेल्या आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरता येतात, १९९२ ची शासनाची अधिसूचना त्यासाठी आहे. त्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे तपासायची. होमिओपॅथीची परिषद वेगळी. होमिओपॅथांसाठी राज्याने आणलेल्या सीसीएमपी या एक वर्षाच्या कोर्सवरून डॉक्टरांच्या संघटनांत वाद आहे आणि तो कोर्टातही गेला आहे. त्यात वाचकाने पडायचं कारण नाही.

गाडीतल्या डॉक्टरचं काम तुम्हाला जिवंत पोहोचवणं. त्याला ऑक्सिजन लावता येतो, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) देता येतो, सलाईन घालता येतं. कोकणातल्या आडवाटेच्या कित्येक वाड्यांना रात्री दार उघडणारा बीएएमएस डॉक्टरच असतो, हे मुंबईत बसून नाकं मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. आक्षेप घ्यायचा तो पाटीवर "एमडी" लिहून ते आयुर्वेदाचं आहे हे लपवणाऱ्यावर.

९. साप चावला तर जवळचं पीएचसी, की थेट जिल्ह्याच्या गावी?

लस असेल तर जवळचं. आधी फोन करून विचारा. पहिला डोस तिथे सुरू करून मग पुढे न्यायचं, हीच पद्धत आहे. दीड तासाचा प्रवास लसीविना करणं धोक्याचं.

भारतातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसं फार. ते लहानसं दिसतं म्हणून लोक हसण्यावारी नेतात, पण त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं का ते बघायचं. सापाच्या पेशंटला तपासताना ही चाचणी आपणहून करणारा डॉक्टर, मग त्याची पदवी कुठलीही असो, मी विश्वासाचा मानतो.

मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, मग श्वास अडकतो. अशा पेशंटला श्वास देण्याची सोय असलेलं ठिकाण लागतं, म्हणजे लस सुरू करून लगेच पुढे.

दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. पाय किंवा हात फळीला बांधून स्थिर ठेवा. आणि गावातल्या मांत्रिकाकडे "आधी उतरवून घेऊ" म्हणणाऱ्या काकांना कुणीतरी गोडीत बाजूला घ्या.

१०. पेशंट स्ट्रेचरवर असताना डॉक्टरला पदवी विचारावी का?

नाही. तेव्हा तीनच गोष्टी विचारा: काय झालंय असं वाटतं, आत्ता काय देताय, आणि इथे होईल की पुढे न्यावं लागेल. डॉक्टरचं नाव आणि वेळ मात्र टिपून ठेवा. पेशंट स्थिरावला की प्रश्न ५ चं काम करा.

११. आधी ॲडव्हान्स भरा, किंवा "पोलीस केस आहे, सरकारी दवाखान्यात न्या" म्हणतात.

जीव वाचवण्याचे उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं आहे की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर हे कर्तव्य आहे आणि पोलिसांच्या सोपस्कारांसाठी उपचार थांबवायचे नाहीत. सोय नसेल तर पेशंटला स्थिर करून चिठ्ठीसह पुढे पाठवणं हा भाग योग्यच.

मुंबई-गोवा महामार्गावर अनोळखी जखमीला उचलून नेलंत तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं, त्याने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत. महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा.

१२. आम्ही मासेमारीला खोल समुद्रात असतो. आमच्या गावाहून तर फेरीबोटीशिवाय रस्ताच लांबचा.

समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. किनाऱ्याला लागण्याआधीच बंदरावर १०८ ची गाडी बोलावून ठेवा, हर्णै असो की देवगड.

खाडीपलीकडच्या गावांनी फेरीबोटीचं रात्रीचं वेळापत्रक भिंतीवर लावावं, आणि ती बंद झाल्यावर कुठल्या रस्त्याने कुठलं हॉस्पिटल, तेही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळवाल्यांना मी वेगळं काय सांगणार.

१३. मुंबईचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर सांगतात. तेवढ्यावर भागेल का?

तातडीच्या वेळी नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणेही अशा वेळी फोनवरून प्रथमोपचार सांगायचे आणि प्रत्यक्ष डॉक्टरकडे पाठवायचं, एवढंच अपेक्षित आहे. त्यांच्या चिठ्ठीवरही नोंदणी क्रमांक हवा. एक उपयोग मात्र मोठा: तुमच्या मुंबईच्या डॉक्टरचं बोलणं थेट कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरशी करून द्या, आधीचे आजार आणि गोळ्या त्यांना नीट कळतात.

१४. बोगस डॉक्टरची तक्रार कुठे करायची? गावात वैर नको.

तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी. पोलीस प्रश्न ८ मधल्या १९६१ च्या कायद्याच्या कलम ३३ खाली गुन्हा नोंदवतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यातही एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तक्रारीत "तो बोगस आहे" एवढंच लिहू नका. चिठ्ठीचा फोटो, पाटीचा फोटो, आणि कुठल्या नोंदवहीत शोधून सापडलं नाही ते लिहा. वैराची भीती असेल तर ग्रामपंचायतीतून पत्र जाऊ द्या.

१५. डॉक्टर खरे आहेत, पण हयगय झाली असं वाटतं.

आधी कागद मिळवा. आंतररुग्णाच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात आणि तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्जाची पोच घ्या. मग दुसऱ्या डॉक्टरला ते कागद दाखवा. त्याने तीच शंका काढली तर एमएमसीकडे लेखी तक्रार करा, भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. हॉस्पिटलात जाऊन आवाज चढवून काही हाती लागत नाही, उलट रात्रीचा डॉक्टर तालुका सोडून जातो.

१६. आम्ही सिंधुदुर्गातले. पेशंट गोव्याला नेतो. तिथल्या डॉक्टरांची नोंदणी एमएमसीत दिसत नाही.

दिसणार नाही. गोव्याची परिषद वेगळी आहे, गोवा मेडिकल कौन्सिल. तिथे शोधा किंवा प्रश्न ५ मधल्या देशभराच्या नोंदवहीत बघा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलंत तर एमएमसीच. उलट, गोव्यात नोंदणी असलेला डॉक्टर दर आठवड्याला सावंतवाडीत दवाखाना चालवत असेल, तर त्याची महाराष्ट्रातलीही नोंदणी हवी.

बांबोळीला (गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) निघण्याआधी ओरोस किंवा सावंतवाडीतून रेफरल चिठ्ठी घ्या. त्यावर दिलेली औषधं आणि दिल्याची वेळ लिहून मागा. ईसीजीची पट्टी आणि आधार कार्ड त्याच पिशवीत ठेवा. पिशवी पेशंटबरोबर गाडीत, मागून येणाऱ्या मामांच्या हातात नको.